पाळण्यातलं कुंकू

टुक्.

दुपारचं निजलेलं घर. पंखा कुरकुरतो, पोर जागं होईल म्हणून तोही बंद. आणि त्या शांततेत एवढाच आवाज — टुक्.

मंडळी, ऐका. तार जोडलेली आहे, वीज चालू आहे, दोघं एकमेकांना टेकून बसलेत — तरी ह्याचं त्याला पोचत नाही. मग दोष कुणाचा? सांगणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा, की मधल्या तारेचा? थांबा, उत्तर देऊ नका. मागे एकदा हाच प्रश्न विचारला, तर पहिल्या रांगेतून आवाज आला, "बुवा, तुमच्या माइकचा."

तर गोष्ट रत्नागिरीची. खिशाखिशांत मोबाइल यायचे होते तेव्हाची. वृंदा नावाची सून. नवरा प्रसन्न मालवाहू जहाजावर इंजिनीअर. जाताना तो तिला एक ऑर्गनायझर देऊन गेला — तळहाताएवढी पाटी, काडीनं लिहायची. सोबत तिची बैठक. पाटी बैठकीत उभी करा, बटण दाबा, की पाटीतलं सगळं टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये. ह्याला म्हणतात सिंक. वृंदाची चार वर्षांची रेवा त्या बैठकीला पाळणा म्हणायची.

आणि पाटीत काय होतं? रेवाचं बोलणं. भात ढवळताना, कपडे भिजवताना, पोर मांडीवर झोपली की एका हातानं, वृंदा लिहून ठेवायची — 'आज म्हणाली, फणसाला थंडी वाजते, म्हणून त्याच्या अंगावर काटा आलाय.' बाप समुद्रावर, पोर इथं वाढतेय. त्याचं काही हुकू नये, एवढाच तिचा ध्यास.

त्या दिवशी जहाज बंदराला लागलं होतं. संध्याकाळी प्रसन्न उतरून मेल वाचणार. सकाळी जहाज सुटलं की दीड महिना नुसतं पाणी. आणि पाटी म्हणते — टुक्. जोडणी सापडली नाही.

वृंदानं पाटी काढली, बसवली. तार उपटली, खोचली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. कॉम्प्युटरच्या कोर्सात पहिला वर्ग मिळवलेली बाई, टेबलाखाली आडवी होऊन तारेला विनवतेय.

सासूबाई दारात आल्या. सगळे त्यांना माई म्हणत.

"अगो, पाटीतलं वाचून हातानं उतरव ना."

"माई, मग यंत्र कशाला घेतलंय?"

"तेच मी प्रसन्नाला विचारलं होतं."

हसताय? आमच्याकडे तंबोऱ्याचं यंत्र आहे, बटणाचं. त्याचा सूर बरोबर आहे का, हे बघायला आम्ही रोज तंबोरा काढतो. हसा आता.

चार वाजले. रेवा उठली. माई म्हणाल्या, "दृष्ट लागलीय त्या पाटीला."

"माई, यंत्राला दृष्ट लागत नाही."

पाच वाजता तीच वृंदा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "माई, मोहऱ्या कुठं ठेवल्यात?"

मीठ, मोहऱ्या, मिरच्या. माईंनी पाटीवरून ओवाळल्या, पाळण्यावरून ओवाळल्या, तव्यावर टाकल्या — आणि मिरचीचा असा खाट उठला की तिघी खोकून बेजार. पाटीला धूर नको म्हणून वृंदानं तार उपटून पाळण्यासकट ती ओढणीत गुंडाळली आणि अंगणात पळाली. तिथं ओढणी सोडते, तर ओढणीला लाल डाग.

कुंकू.

खंडेनवमीला घरातल्या कोयत्यापासून शिलाईच्या मशीनपर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा झाली होती. कॉम्प्युटरचीही. पाळण्याला तर वृंदानं अगदी आठवणीनं लावलं — ओलं कुंकू, बरोब्बर मधोमध, वर अक्षता. ह्याच्यातूनच नवरा भेटतो ना. त्यानंतर पाटी पाळण्यात बसवायची वेळ आजच आली होती. आणि मधोमधच असतात ते सोनेरी दात, जिथं पाटी पाळण्याला शिवते. त्यांच्यावर कुंकू वाळून पापुद्रा धरला होता.

सांगणाऱ्याचा दोष नाही, ऐकणाऱ्याचा नाही, तारेचाही नाही. मंडळी, मधे पूजा आली होती.

रेवाच्या दात घासायच्या ब्रशनं वृंदानं पाळण्याचे दात घासले. तार खोचली, पाटी ठेवली. बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं भराभर उतरली. माई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या, "एक बोट टेकवते—"

"माई, नको."

वृंदा पडद्यावर सगळं वाचत गेली. फणस, मांजर, माईंचा पडलेला दात. सगळं गोड. 'तुझ्याशिवाय करमत नाही' असं मात्र कुठंच नव्हतं. त्याला तिकडे वाईट वाटू नये म्हणून तिनं कधी लिहिलंच नव्हतं. हेही कुंकूच की. तेवढी एक ओळ तिनं शेवटी हातानं टाइप केली, आणि मेल गेला.

आता आपलं बघा. देवाला हार, हारावर हार. शेवटी भाविक विचारतो, मूर्ती कुठाय? आईला साडी पाठवतो, तिच्याजवळ घडीभर बसत नाही. आणि आम्ही? देवाचं सांगायला उभे राहतो, निम्मा वेळ उपरणं सारखं करण्यात जातो. घरी गेलात की बोट फिरवून बघा, आपलं कुंकू कुठं वाळलंय.

आणि रेवा? ती टेबलाला हनुवटी टेकून पाळण्याकडे बघत होती.

"आई, पाटीला ह्यात ठेवलं की तिच्यातलं सगळं आपल्याकडे येतं?"

"हो गं."

"मग बाबांना कशात ठेवायचं?"