एकाच माणसापुरती मुळी

म्हातारपण थांबवणारं औषध एकाच माणसापुरतं मिळालं, तर तुम्ही ते कोणाला द्याल?

माझ्या वडिलांनी, आमच्या दादांनी, शहाद्याच्या एसटी स्टँडजवळच्या जडीबुटीवाल्याकडून तसली एक मुळी आणली होती. दोघांत वाटून घेतली तर गुण जातो, असं त्याने बजावलं होतं.

दादा आईला म्हणाले, "तू खाई ले. तू गई ते माले चहा कोन करी दी?"

आई म्हणाली, "तुम्हीच खाई ल्या. तुम्ही गयात ते मी कोनासंगे भांडू?"

जेवणं झाली तरी मुळी चुलीपाशी तशीच पडलेली. आम्ही पोरं हसत होतो, ते दोघं मात्र खरंच रुसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मुळी ठेचून चहात उकळली, दोन कप सारखे भरले आणि दोघांनी तोंड वाकडं करत तो कडू चहा संपवला.