मशाल धरणारा हात

अरे, सदरा चढवू नकोस इतक्यात, झालं नाहीये माझं. खिडकीकडे वळ, हातावर उजेड पडू दे—हां, असा. आता डोळे मीट. मीट रे दौलत, खेळ नाही हा. काडीला कापूस गुंडाळलाय, तो टेकवतो. जिथे कळेल तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं, बस. खांद्यावर—बरोबर. दंडावर—बरोबर. आता?... आता?... हं. उघड डोळे. नाही, टेकवला होता मी. पुन्हापुन्हा टेकवला. कोपराखालच्या त्या चट्ट्याच्या मधोमध.

गजकर्ण, गजकर्ण काय लावलंयस! नाक्यावरच्या कंपाउंडरने मलम दिलं म्हणून ते गजकर्ण होत नाही. गजकर्णाची कड उठलेली असते, पापुद्रे सुटतात, आणि खाजतं—माणसाला धड बसू देत नाही. हे खाजतं? कधीच नाही? मग! बघ की तूच—मध्ये फिकट, केस गळालेले, आणि बाकी सगळा हात घामाने चिकचिकलेला असताना एवढी जागा कोरडी. आणि ही करंगळी आत का वळलीय? सांच्यावर उभं राहून माग चालवून चालवून हात आखडला म्हणतोस—मलाही तेच वाटलं होतं, खरंच. गिरणीतल्या माणसाचा हात म्हटलं की आम्ही डॉक्टरकीचे विद्यार्थी डोळे झाकून तेच लिहितो, कामाचा ताण. पण ताणाने दुखतं रे! तुझं दुखलं कधी? आणि हे बघ, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधलं मांस—त्या हाताचं बघ, या हाताचं बघ. खड्डा पडलाय.

मशालीच्या मोर्चातच कळायला हवं होतं. जळती चिंधी सुटून तुझ्या मुठीवर पडली आणि तू मूठ सोडली नाहीस, घोषणा देतच राहिलास. आम्ही मागून ओरडलो तेव्हा कुठे तू खाली बघितलंस—आणि हसलास! आणि मी? मी सभेत उभा राहून सांगितलं, ज्या महाराष्ट्राकडे असे हात आहेत त्याला मुंबई कोण नाकारतो ते बघू! टाळ्या थांबेनात. आपल्या वॉर्ड समितीचे बाबुराव, एवढा खडूस माणूस, त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. आणि तुला चटका कळलाच नव्हता! मग बोलला का नाहीस? एका शब्दाने नाही? ... हो. तेही खरंच. गळ्यात हार पडल्यावर कोण बोलेल.

नाव सांगू? दार लोटतो जरा. ... महारोग. हळूच बोलतोय मी, शेजारी ऐकू जाणार नाही. थांब, ऐक पुढचं, लगेच असा तोंड फिरवून बसू नकोस—आता गोळ्या आहेत यावर. पूर्वीसारखं नाही. लवकर सुरू केल्या, नेमाने घेतल्या, तर बोटं वाचतात, हात वाचतो, सांचा चालवशील. वेळ लागेल, वर्षं लागतील. गिरणीत कळलं तर? ... काढतील. खोटं नाही सांगत. चाळीत कळलं तर नळावर वहिनींना उभं राहू देणार नाहीत. पण नाही घेतल्यास ना गोळ्या, तर लपवायचं म्हटलं तरी लपणार नाही रे! लाज कसली धरायची त्यात? रोग आहे, पाप नाही. मी तर म्हणतो छाती पुढे काढून यायचं हॉस्पिटलात. फक्त एक खूण बघायची राहिलीय. कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खोबणीत एक शीर असते बघ, आपटली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती. या रोगात ती जाड होते, सुतळीसारखी लागते हाताला. चाचप. ... तू चाचप. हो, तूच. लागते का?

काय झालं? असा काय बघतोस? ... काडी? काडी लांब आहे, मी हात लावत नाहीये, म्हणजे—हॉस्पिटलात असंच—नाही. हॉस्पिटलात असं नसतं. सर स्वतः बोटांनी चाचपतात आणि आमच्यावर खेकसतात, लांबून निदान करायचं असेल तर पोपट घेऊन फूटपाथवर बसा म्हणून. पण दौलत, तू समजतोयस तसं नाहीये ते. आईशप्पथ! या खोलीतलं पाणी प्यालोय मी. खोताच्या वाडीमागे आमच्या बिऱ्हाडात आईशी भांडून तुला पंगतीत बसवलाय, माझ्या पाटाला पाट लावून. गेल्या साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलास तेव्हा पहिला पेढा मी खाल्ला. हे ते नव्हे रे! हे शास्त्र—म्हणजे, शास्त्र तर उलटंच सांगतं, इतक्या सहजी लागत नाही हा रोग, मला पाठ आहे ते, परीक्षेत झोपेतसुद्धा लिहीन. पण त्या मोर्चानंतर तुझे फोड कापून हात मीच बांधला होता ना. आणि परवा सरांनी वॉर्डात डिट्टो असाच हात दाखवला, आणि मी तिथून निघालो तो थेट घरी, मोरीत. कार्बोलिकच्या साबणाने कोपरापर्यंत घासलं. कातडी सोलवटेपर्यंत. आई म्हणाली, अरे काय सांडलंय? म्हटलं, शाई. ... नको हसूस असा. तुझ्या बापाने असे मागे घेतलेले हात जन्मभर बघितले, तूही बघितलेस, माहीतय मला. कारण वेगळं आहे असं मी कितीही ओरडून सांगितलं तरी तुला काय वेगळं दिसणार?

बरं, मला शिव्या दे. पण उद्याच्या मोर्चात मशाल धरायची नाही. बाबुरावांना मी काहीतरी सांगतो—ताप आलाय म्हणतो. त्यांना तू सगळ्यांच्या पुढे हवायस. मीच चढवलंय ना सगळ्यांना भाषण ठोकून! पण पुन्हा भाजेल, तुला कळणार नाही, आणि भोवती लोक टाळ्या वाजवतील. मला नाही बघवणार. सोमवारी हॉस्पिटलात ये. मी फाटकापाशी थांबतो, आत घेऊन जातो, कोणाला कळायचं नाही. येशील ना? दौलत? अरे, हो म्हण की! महाराष्ट्र काय, मुंबई काय, आधी हात तर—

वहिनी आल्या वाटतं. तू गप्प राहा, मी बोलतो, भाजलेलं बघायला आलोय म्हणतो—या शेवंतीवहिनी! काही नाही, जुनी जखम बघत होतो, सुकत आली—अरे, दौलत! आत्ताच कशाला—सांगितलंस? असं एका दमात? त्यांना हंडा तरी खाली ठेवू द्यायचास! वहिनी, घाबरू नका, गोळ्या असतात, बरं होतं, मी सगळं—वहिनी, थांबा, त्या चट्ट्याला हात नका—

...

नाही. काही नाही. धरा. धरा तुम्ही.

काय म्हणालात? सोमवारी तुम्ही घेऊन येता त्याला? बरं. छानच. मी फाटकापाशी उभा—

नको?

तुम्ही विचारत विचारत जाल. बरं.

हो. दार ओढून घेतो मी.