गोल्डची शेवटची रात्र

(३१ डिसेंबर २००७, दुपार कलती झालेली. राजश्री शिरूरच्या फ्लॅटमध्ये, दहा महिन्यांची अक्षदा मांडीवर. तिचा नवरा नवनाथ मद्रासच्या गाडीनं परततोय; त्याची आत्या आणि आत्याची शेजारीण धुरपदा दौंडला. सगळं बोलणं फोनवर.)

धुरपदा : ...ते समदं खरं, वहिनी, पन नवनाथभाऊ येनार नसंल तर न्हाई म्हनून आत्ताच सांगा. तुमच्या आत्या मद्रासच्या गाडीच्या टायमाला स्टेशनात जाऊन बसत्यात. मागं तितल्या जिन्यावरनं घसरल्या बी.

राजश्री : घसरल्या? कधी?

धुरपदा : दिवाळीच्या पुढं. शेजारीन म्हनून मलाच कळलं. तुमाला सांगू नगं म्हनल्या. 'पोरगी अंगावर पाजती, उगं काळजी करंल.'

राजश्री : धुरपदाताई, त्यांचं अजून नक्की नाही. जमलं तर उतरतील दौंडला.

धुरपदा : नक्की न्हाई आसं कसं? उद्या एक तारीख. कोरेगावला स्तंभाच्या मानवंदनेला दर साली भाऊच नेतो तिला. आमच्या दिराची जीप निघती सकाळी, तुमची जागा धरू का म्हनलं, तर माझ्यावरच भडाकली. 'माझा नवनाथ यील, आमी दोघं एस्टीनं जाऊ.' बंबात पानी भरून बसलीया.

राजश्री : तुम्ही फारच काळजी करता हो. आत्या काय लहान आहेत? गाडी गेली की येतील घरी. तेवढं कडी लावून झोपायला सांगा. मी मागेच म्हटलं होतं त्यांना, दार नुसतं लोटून झोपू नका.

धुरपदा : त्येच तर सांगते. कडी लावतच न्हाई. कान गेलं ना आता तिचं. भाऊ अवचित आला, कडी वाजवली आन् आपल्याला ऐकू न्हाई आलं तर? म्हनून उघडं. बघा बया, मी सांगायचं काम केलं.

राजश्री : बरं बरं. ठेवते, अक्षदा रडतेय.

धुरपदा : रडती? मला तर काय ऐकू न्हाई आलं. बरं, ठिवा. जय भीम.

*

नवनाथ : हॅलो... हॅलो, राजश्री? भिगवण गेलं. रेंज जातीये मधेमधे. ऐक, मी दौंडला उतरतोय.

राजश्री : उतरताय? आपलं पुण्याचं ठरलं होतं ना?

नवनाथ : ठरलं होतं. पण उद्या एक तारीख. आत्या वाट बघत असणार.

राजश्री : अहो, एक रात्र. एकच रात्र कमी आहे. सकाळी नेटवर परत बघितलं मी. आज त्या हॉटेलवाल्यांच्या पुण्याच्या हॉटेलात मुक्काम पडला तर पुढचं अख्खं वर्ष आपलं गोल्ड कार्ड राहतं. नाही पडला तर उद्यापासून आपण परत साधे. कंपनीच्या कामानं वर्षभर हिंडलात, त्या सगळ्या रात्री वाया.

नवनाथ : पॉइंट तर राहतील ना?

राजश्री : पॉइंट राहतील, गोल्ड जाईल. पॉइंटवर नुसती खोली मिळते. फेब्रुवारीत अक्षदाच्या वाढदिवसाला गोव्याला जायचं, तर खोली मागच्या बाजूची, नाश्ता आपल्या खिशातून, आणि दुपारी बाराला बाहेर. गोल्डला चारपर्यंत राहू देतात. ही पोर दुपारची झोपते, तिला उचलून लॉबीत बसायचं का मी?

नवनाथ : तू आमच्या पर्चेस मॅनेजरपेक्षा कडक आहेस.

राजश्री : हसू नका. आणि वर्षाचा शेवट म्हणून आज बोनस आहे. आजच्या रात्रीचे दुप्पट पॉइंट.

नवनाथ : म्हणजे घरापासून दोन तासांवर, स्वतःच्या पैशानं, नुसतं झोपायला हॉटेलात जायचं. आबांना कळलं तर मांडवगणच्या घरात घेणार नाहीत मला.

राजश्री : आबांना कोण सांगतंय?

नवनाथ : आणि आत्याला? कॉलेजची सगळी वर्षं मी तिच्या घरात काढली. मामा रेल्वेत गँगमन, दोघांचंच कसंबसं चालायचं, तरी मला कधी मेसला जेवू दिलं नाही. तिच्या घराच्या मागून गाडी जाते आपली, आणि मी पुढं जाऊन हॉटेलात झोपायचं.

राजश्री : आजवर झोपलात की. नेहमीचंच सांगायचं. कंपनीचा नियम आहे, हॉटेलातच राहावं लागतं.

नवनाथ : मागच्या वेळी काय म्हणाली माहितीये? 'कंपनी लई जाच करती रं तुला.' माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला तिच्याकडं बघवेना.

राजश्री : पुण्याहून कोरेगाव जवळच पडतं. सकाळी तुम्ही तिकडून या, आत्या धुरपदाताईंच्या जीपमधून येतील. तिथंच भेटा. कुणाचंच काही अडत नाही.

नवनाथ : त्या गर्दीत? लाखो माणसं असतात तिथं.

राजश्री : जीपवाल्याजवळ मोबाइल असेल की.

नवनाथ : ...तू ना, सगळं आधीच ठरवून बसलेली असतेस.

राजश्री : अहो, एक सांगू? मागे मला घेऊन गेला होतात ना तिथं, तर त्या काउंटरवरच्या मुलीनं मला विचारलं, 'मॅडम, बाळासाठी पाळणा लावू का? तुम्हाला चहा पाठवू?' मी गडबडून नको म्हटलं. मग रात्रभर वाटत राहिलं, हो म्हणायला हवं होतं. तुला काय हवंय, असं मला इथं कोण विचारतं?

नवनाथ : मी नाही विचारत?

राजश्री : तुम्ही घरी कुठं असता विचारायला?

नवनाथ : ...बरं. जातो पुण्याला. पण आत्याला कळव. गाडी दौंडात शिरायच्या आत कळव.

राजश्री : कळवते.

नवनाथ : नक्की?

राजश्री : कळवते म्हटलं ना. पोहोचलात की फोन करा.

*

धुरपदा : वहिनी, नवनाथभाऊ तिकडं पोचला का?

राजश्री : कोण... धुरपदाताई? किती अंधार झाला. मी तुम्हाला फोन करणारच होते. आत्यांना काय सांगायचं ते जुळवत बसले, आणि अक्षदाला घेऊन पडल्या पडल्या डोळा लागला माझा.

धुरपदा : म्हातारी घरात न्हाई. दार सताड उघडं, बंब पेटल्याला. मद्रासची गाडी कवाच गेली. आमच्या दगडोबाला धाडलं स्टेशनात, तर नेमीच्या बाकड्यावर बी न्हाई. भाऊला उतरताना कुनी बघितला न्हाई म्हनतो. म्हनून इचारते. त्यो गाडीत हुता का न्हवता?

राजश्री : होते.

धुरपदा : मंग?

राजश्री : उतरले नाहीत. पुढं पुण्याला गेले.

धुरपदा : दुपारीच म्हनलं हुतं म्या.

राजश्री : हो. म्हणाला होतात.

धुरपदा : कंपनीचं काम निगालं आसंल.

राजश्री : धुरपदाताई, ते...

धुरपदा : बरं, आता रडू नगा. दूध आटंल. मीच जाते स्टेशनाचा पूल वलांडून. फोन हाताशी ठिवा.

*

राजश्री : कुठं होतात? मोबाइल उचलत नाही. रूमवर फोन द्या म्हटलं तर ती काउंटरवरची म्हणते, 'मॅडम, सर गोल्ड मेंबर आहेत, त्रास देऊ नका असा बोर्ड लावलाय त्यांनी.' मी बायको आहे म्हटलं, तर म्हणाली, निरोप ठेवते.

नवनाथ : अंघोळीला होतो. काय झालं? अक्षदा?

राजश्री : अक्षदा ठीक आहे. आत्या सापडत नाहीत.

नवनाथ : सापडत नाहीत म्हणजे?

राजश्री : तुम्हाला घ्यायला स्टेशनवर गेल्या. अजून घरी नाहीत.

नवनाथ : मला घ्यायला? तू कळवलं नाहीस?

राजश्री : नाही.

नवनाथ : राजश्री...

राजश्री : नाही कळवलं. बोला मला काय बोलायचं ते.

नवनाथ : गाडी दौंडला थांबली तेव्हा मी वरच्या बर्थवर होतो. ओळखीचं कुणी खिडकीतून बघेल म्हणून तोंड भिंतीकडं करून पडलो होतो. कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, चहावाला असेल.

राजश्री : नका सांगू.

नवनाथ : चहावाला नावानं हाक मारतो का?

राजश्री : नका ना सांगू.

नवनाथ : मी निघतो. मिळेल त्या गाडीनं दौंडला जातो.

राजश्री : जा. लगेच जा. ...अहो, चेक-इन झालंय ना? मग मधूनच निघालात तरी रात्र धरतात ना?

नवनाथ : काय विचारलंस?

राजश्री : काही नाही. मी काही विचारलं नाही. तुम्ही निघा.

नवनाथ : धरतात. आल्या आल्या मीच विचारलं खाली. सही करून लगेच दौंडला परत गेलो तर चालेल का? चालतं म्हणाले. म्हटलं, चला, दोन्ही जमलं. मग खोलीत आलो, गरम पाण्याचा नळ सोडला, आणि बसून राहिलो. जरा वेळ, जरा वेळ करत.

*

धुरपदा : घावली, वहिनी! पल्याडच्या फलाटावर, पार टोकाला. भाऊचा डबा कुठं लागंल म्हनून चालत गेली, मंग पाय उचलंना. बाकड्यावर बसल्याली, जेवनाचा डबा मांडीवर घिऊन. लागलं न्हाई कुठं. घ्या, बोला. मोठ्यानं बोला.

आत्या : कोन, राजश्री? पोरी, नवनाथ कुठंय गं? गाडी आली, मी खिडकी खिडकी बघितली. हाक बी मारली.

राजश्री : आत्या, तुम्ही आधी घरी जा. गारठा पडलाय.

आत्या : जाते की. गाडी चुकली का त्याची?

राजश्री : नाही. ते गाडीतच होते.

आत्या : आं?

राजश्री : गाडीतच होते. पुण्याला गेले. हॉटेलात उतरलेत.

आत्या : कंपनीनं बलिवलं आसंल. एक तारखंला बी सोडत न्हाईत मेलं.

राजश्री : कंपनीनं नाही. मी पाठवलं.

आत्या : मोठ्यानं बोल, बाय.

राजश्री : मी पाठवलं, आत्या! कंपनीचा नियम-बियम काही नाही. कधीच नव्हता. त्या हॉटेलात रात्री जमा झाल्या की ते मान देतात. मोठी खोली, फुकट नाश्ता. एक रात्र कमी पडत होती.

आत्या : रात्री जमा करायच्या?

राजश्री : हो.

आत्या : आन् माझ्याकडं निजायचा त्यो, त्या रातींचं काय?

राजश्री : त्या... त्या धरत नाहीत, आत्या.

आत्या : आसं व्हय.

राजश्री : आत्या?

आत्या : तिथं अंगुळीला ऊन पानी देत्यात का?

राजश्री : देतात. नळालाच येतं.

आत्या : मंग बरं हाय. हितं बंबाचा धूर व्हायचा त्याच्या डोळ्यात.

राजश्री : ते निघालेत तिथून. तुमच्याकडंच येताहेत. सकाळी तुम्ही दोघं मिळून कोरेगावला...

आत्या : कशाला आता? तिथंच नीज म्हनावं. रात कमी पडती म्हनलीस न्हवं? आन् तू रडू नगंस, लेकरू उठंल. धुरपदे, हात दे गं जरा.

*

धुरपदा : निजली, वहिनी. डब्यातलं काय खाल्लं न्हाई. बंब इझवाया लावला मला. पानी वतून दिलं मोरीत.

राजश्री : सगळं?

धुरपदा : समदं. सकाळी जीपमधी बसा म्हनलं, तर बघू म्हनली. न्हाई म्हनली न्हाई. आन् एक बरं झालं, तुमचं ऐकलं बघा तिनं.

राजश्री : माझं काय?

धुरपदा : कडी लावली आतनं. मी भायेर पाऊल टाकलं आन् खटकन आवाज आला. इतकी सालं शेजारी ऱ्हाते मी, पयल्यांदा ऐकला.

राजश्री : ...ते वाटेत आहेत, धुरपदाताई. आत्ता फोन आला होता, वरवंड मागं पडलं म्हणाले. येतीलच.

धुरपदा : येऊ द्यात की. पन वाजवून वाजवून हात दुखला तरी तिला ऐकू यायचं न्हाई. आन् ऐकू आलं तरी... जाऊ द्या.

राजश्री : एक काम कराल का माझं? दुपारी तुमचं ऐकलं नाही मी, कोणत्या तोंडानं सांगू. पण तेवढं परत जाऊन बघाल? नुसतं खिडकीतून. झोपल्यात, का जाग्याच बसल्यात. जाग्या असतील तर कडी काढा म्हणू नका त्यांना. नुसतं बघून या, आणि मला सांगा.