घरून काम, भंवरकुआंत

नोकरी सोडून घरून काम करायचं ठरवलं ना भिया, तेव्हा मी पैशांची पूर्ण तयारी केली होती. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला, मेडिक्लेम स्वतःचा काढला, वर पेट्रोल वाचणार म्हणून खूश होतो. फक्त आईला विचारायचं राहिलं.

ती म्हणाली, "तुझ्यासाठी स्थळं बघतोय. मुलीकडचे चौकशीला समोरच्या दिघेकाकांकडेच जाणार. तू दिवसभर घरात दिसलास तर ते सांगतील, याची नोकरी गेली. तू आपला रोज डबा घेऊन निघत जा."

मग काय, निघालो. भंवरकुआंला कोचिंगच्या पोरांसाठी लायब्ररी आहे, तिथे महिन्याच्या भाड्यानं खुर्ची घेतली. पेट्रोल होतं तेवढंच, वर हे भाडं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर शेजारच्या खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉप उघडून दिघेकाका. तेही नोकरी सोडून घरूनच काम करत होते.

मला बघून गडबडले. मग हळूच म्हणाले, "तुझ्या आईला सांगू नकोस भिया. आमच्या मिनूची चौकशी करायला लोक तुमच्याकडेच येणार."