मिठाच्या डब्याचा दोरा

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या रिक्षावाल्याला बोलायची सोय नव्हती. म्हणून त्याचे कान आपोआप शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे लागले. आजोबा तोंडावर रुमाल धरून बोलत होते.

"कवळी परवा मिळेल म्हणाले. पोरं तर आज रात्री जेवायला येताहेत."

"म्हणून तर सगळं मऊच करणार आहे. सूप, आसट भात, कुस्करलेले बटाटे. सगळेच तेच खातील, तुमच्याकडे कोण बघतंय?"

"थोरली बघेल. तुम्हाला आता एकटं ठेवायचं नाही, असं मागच्या खेपेलाच म्हणाली."

"तुम्ही तोंड उघडू नका. बोलायचं मी बघते."

"आणि वाढायचं? मागच्या वेळी जावयाच्या ताटाबाहेर वाढलंस."

आजींनी चाचपत त्यांची बाही धरली.

"तुम्ही शेजारी उभे राहा. चुकायला लागले की हळूच कोपर लावा."

"मिठाच्या डब्याला दोरा बांधलाय मी. साखरेच्या नाही. चाचपून घेत जा."

"दोरा कशाला, असं थोरलीनं विचारलं तर?"

"बाबांना आठवत नाही, म्हणून सांग."

"मग ती तुम्हाला घेऊन जाईल."

"आईला दिसत नाही म्हटलं, तर तुला नेईल. दोघांना ठेवून घेण्याएवढी जागा कुणाकडेच नाही."

"घरी गेल्या गेल्या तो दोरा सोडा."

"आणि सूप गोड झालं तर?"

"तर तुम्ही दोनदा मागून घ्या."