केकचा तिसरा तुकडा

समारंभाचे अध्यक्ष पाद्री फोल्कमार, व्यासपीठावरील मान्यवर, आज खुर्ची सोडणारे आपले नगराध्यक्ष गेर्नोट श्टीबेलिंग, नगराध्यक्षपदाची चोवीस वर्षं त्यांना घरी सोसणाऱ्या त्यांच्या पत्नी एल्केबाई, अग्निशमन दलाचा बँड, आणि बाहेरच्या सॉसेजच्या वासाने आधीच चुळबुळ करणारे माझे वायडेनरोडकर,

निरोपाच्या भाषणाला विरोधी बाकावरची इर्मट्राउट होलरबाख? कुणाला सुचलं हे? म्हणे गेर्नोटनेच नाव सुचवलं. घ्या! जाता जाताही मला पेचात पकडलंच.

हा माणूस मूळचा छपरं शाकारणारा. अजूनही कुणाच्या घरी गेला की आधी कौलांकडे बघतो, मग माणसांकडे. आणि घरी तर तो सगळ्यांच्याच गेलाय. गावात कुणाला ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद पूर्ण झाली, की हा फुलं अन् वाईनची बाटली घेऊन दारात हजर. वक्तशीर इतका, की लोक त्याच्याकडे बघून घड्याळं लावत.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांची नव्वदी होती. माझे वडील कुनो म्हणजे आपल्या पोहण्याच्या तलावाचे मास्तर. या सभागृहातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच पोहायला शिकवलंय. नेमकं त्याच संध्याकाळी सहाला नगरसभेत तलाव बंद करण्याच्या ठरावावर मतदान होतं. ठराव गेर्नोटच्या पक्षाचा, खाली सही गेर्नोटची.

साडेपाचला मी घरातून निघाले. गेर्नोट टेबलापाशी खसखशीचा केक खात होता. म्हटलं, येईलच मागोमाग. सहा वाजले, सव्वासहा झाले, पत्ता नाही! शेवटी उपाध्यक्षांनी मतदान घेतलं. आठ विरुद्ध आठ. बरोबरी झाली की ठराव पडतो. तलाव वाचला. तेवढ्यात साहेब आत आले, टायवर केकचा चुरा.

मी गप्प बसणारी आहे का? भर सभेत म्हणाले, "नगराध्यक्षांना गावापेक्षा केक प्यारा!" दुसऱ्या दिवशी पेपरात तेच मोठ्या अक्षरांत. त्या वर्षी राज्याच्या विधिमंडळासाठी गेर्नोटचं नाव जवळजवळ पक्कं होतं. पक्षाने ते कापलं. केकपायी ठराव घालवणारा माणूस कुणाला हवा?

तीन वर्षांनी, जाण्याआधी, वडिलांनी मला खरं सांगितलं. मी निघाल्यावर ते त्याला म्हणाले होते, "अरे गेर्नोट, लहानपणी पोहायला शिकताना तीन आठवडे काठ धरून रडत होतास. मी कधी तुझा हात ओढून सोडवला का रे?"

"नाही, मास्तर."

"मग आता तलाव बंद करून तू कशाला पोरांचे हात काठावरून ओढतोयस?"

गेर्नोटने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहाला पाच कमी. मग बशी पुढे सरकवून म्हणाला, "मास्तर, अजून एक तुकडा वाढा." तो तिसरा होता. आणि त्याला खसखस मुळीच आवडत नाही. हो ना, एल्केबाई?

हे मला आठ वर्षं ठाऊक आहे. तरी गप्प का बसले? कारण दोन निवडणुका मी त्या केकच्या वाक्यावर लढले, मंडळी. लाज वाटते मला. गेर्नोट, आज सगळ्यांसमोर सांगते, ते वाक्य मी मागे घेते.

आता एक राहिलेलं काम. पहिल्यांदा पंचवीस मीटर पोहणाऱ्या पोराला आपल्याकडे समुद्रघोड्याचा कापडी बिल्ला मिळतो. काठ सोडल्यावर गेर्नोट पोहायला शिकला खरा, पण परीक्षेच्या दिवशी पोटदुखीचं सोंग करून घरी बसला. हसू नका! वडिलांच्या खणात एक पिवळा पडलेला बिल्ला सापडला. मागे पेन्सिलीने लिहिलंय, 'गेर्नोट. येईल कधीतरी.'

हा बघा. पण देणार नाही हं, असा फुकट नाही मिळायचा.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. चोवीस वर्षांत या जिभेने ज्यांना ज्यांना डागण्या दिल्या, त्यांनी मोठ्या मनाने पदरात घ्यावं. गेर्नोट, शनिवारी दहाला तलाव उघडतोय. वडिलांची शिट्टी घेऊन मी काठावर उभी असेन. या वेळी मात्र वेळेवर ये.