खऱ्या मापाचा चेहरा

मी, हेमांगी हरेश्वर लडगे, वय ३३ वर्षे, धंदा नोकरी (फोटो लॅबमध्ये संगणकावर फोटो दुरुस्ती व छपाई), राहणार वेसावे कोळीवाडा, अंधेरी पश्चिम, मुंबई.

आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी, माझी आई कमळ आणि भाऊ कृणाल असे राहतो. आई बाजारात मासे विकते. कृणाल बोटीवर जातो. मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधील एका फोटो लॅबमध्ये कामाला आहे.

माझे वडील हरेश्वर लडगे, आज वय ७४, यांना विसरण्याचा आजार आहे. तीन वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात ते "बंदरावर जाऊन येतो" असे सांगून घरातून गेले ते परत आले नाहीत. त्याबाबत मी याच ठाण्यात ते बेपत्ता झाल्याची खबर दिली होती.

त्यानंतर दोनदा वेगवेगळ्या गावांहून वडिलांसारखा माणूस सापडल्याचे फोन आले. दोन्ही वेळेस आईला घेऊन आम्ही गेलो. दोन्ही वेळेस तो माणूस दुसराच निघाला. दुसऱ्या वेळी त्या माणसाने आईचा पदर धरून ठेवला होता, सोडवायला वेळ लागला. घरी आल्यावर आई म्हणाली, "आता मी बगून हो म्हनल्याशिवाय कोनी कुठं जायाचा नाय. दुसऱ्याचा बाप असा टाकून यायाची ताकद मना नाय." आम्ही ते मान्य केले.

गेल्या महिन्यात, ज्यांच्यासमोर मी हा जबाब देत आहे ते हवालदार श्यामकांत यांनी मला फोन करून सांगितले की, गुजरातमध्ये वेरावळ बंदराजवळच्या एका आधारगृहात एक वृद्ध आहेत, बोलत नाहीत, वर्णन थोडे जुळते. त्यांनी मोबाईलवर फोटो पाठवला. फोटोतील माणसाचे डोके भादरलेले, दाढी वाढलेली, गाल बसलेले होते. ते वडील आहेत की नाहीत हे मला सांगता येईना. वडिलांना भरघोस मिशी होती आणि ते फोटोत नेहमी हसत. यात दोन्ही नव्हते.

मी आधारगृहात फोन केला. तेथील परिचारिका चेतनाताई मूळच्या नंदुरबारच्या असल्याने मराठीत बोलल्या. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला, पण त्या वृद्धाने मोबाईल समोर येताच हाताने तोंड झाकले. चेतनाताई म्हणाल्या, "ताई, जागा कमी आहे. नातेवाईक नाही मिळाले तर पुढच्या आठवड्यात त्यांना राजकोटला हलवतील. तिथून पुढे कुठे नेतील ते मला पण नाही कळणार."

आईच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे बाकी आहे. मोबाईलमधले तिला नीट दिसत नाही. म्हणून मी तो फोटो लॅबमध्ये मोठ्या कागदावर छापून घरी नेला. चेहरा परातीएवढा झाला होता. आईने कागद लांब धरला आणि म्हणाली, "एवरा डोका कोनाचा असतंय गं? यो आमचा नाय." मग छोटा छापून दिला, तर म्हणाली, "यात काय दिसतंय?"

कृणाल म्हणाला, "हेमा, सोड ना. तिला परत तेच नको."

मी सोडले नाही. आई पापलेट हातावर घेऊन वजन सांगते, कोळंबी वितीने निवडते. ती डोळ्यांपेक्षा हाताने जास्त ओळखते हे मला माहीत आहे. चेहरा तिच्यासमोर खऱ्या मापाचा ठेवला तर तिला कळेल, असे मला वाटले.

याबाबत अधिक विचारल्यावरून सांगते की, प्रत्येक फोटो ठिपक्यांचा बनलेला असतो. त्या फाइलच्या आत एक आकडाही लिहिलेला असतो, कागदाच्या एका इंचात किती ठिपके बसवायचे त्याचा. त्याला आम्ही रिझोल्यूशन म्हणतो. मोबाईलच्या फोटोत तो बहुतेक वेळा ७२ असतो. एका इंचात इतके कमी ठिपके मांडले की फोटो अवाढव्य छापला जातो. तो आकडा बरोबर लिहिला तर फोटोतली वस्तू कागदावर जेवढ्यास तेवढी उतरते. पण त्यासाठी फोटोत मापाचे काहीतरी हवे.

मी चेतनाताईंना पुन्हा फोन केला आणि त्या वृद्धाच्या गालाला लावून शाळेतली मोजपट्टी धरून फोटो काढा अशी विनंती केली. "तोंड झाकतील ते," त्या म्हणाल्या. मी म्हटले, "मोबाईल नका दाखवू. जेवताना काढा." त्यांनी तसा काढला. मी तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितला, म्हणजे वाटेत तो लहान होत नाही.

लॅबमध्ये मी तो उघडला. पट्टीवरचे दहा सेंटिमीटर ९४५ ठिपक्यांत बसत होते. त्यावरून इंचाला २४० असा हिशोब निघाला. रिसॅम्पलची खूण काढून टाकली, कारण ती राहिली तर प्रोग्राम ठिपकेच कमी-जास्त करतो आणि चेहऱ्याच्या सुरकुत्या जातात. ७२ च्या जागी २४० लिहिले आणि सेव्ह केले. छापले, तर चेहरा पुन्हा परातीएवढा आला. घाईत मी फाइल वेबसाठीच्या पर्यायाने सेव्ह केली होती. त्यात तो आकडा फाइलमधून गळून पडतो आणि प्रोग्राम पुन्हा ७२ धरतो. मी मूळ फाइल परत घेतली, २४० लिहिले, साध्या पद्धतीने सेव्ह केली, बंद करून पुन्हा उघडली. आकडा टिकला होता. कागदात बसवण्याचा पर्याय बंद ठेवून प्रिंट काढला आणि छापलेल्या पट्टीवर लॅबमधली स्टीलची पट्टी ठेवली. दहाला दहा जुळले.

घरी आणून कागद आईच्या मांडीवर ठेवला. तिने तळवा त्याच्या कपाळावर ठेवला. मग अंगठा कानाजवळ आणि करंगळी हनुवटीपर्यंत ताणली. मग भुवईवर बोट फिरवले. वडिलांचा चष्मा कपाटात होता. तो आणायला सांगून तिने कागदावर ठेवला. चष्मा डोळ्यांवर बरोबर बसला. तसा तो कोणालाही बसू शकतो, हे मी तिला बोलून दाखवले.

आई म्हणाली, "चष्म्याचा सोड. माझा हात खोटा बोलंल काय? योच हाय."

कृणाल भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग त्यानेच तिकिटे काढली.

आम्ही तिघे वेरावळला गेलो. वडील अंगणात बाकावर बसलेले होते. मला पाहून त्यांनी ओळख दाखवली नाही. कृणालला पाहूनही नाही. आई जवळ जाऊन बसली आणि तिने त्यांच्या गालावर हात ठेवला. त्यांनी तोंड झाकले नाही. थोड्या वेळाने, पूर्वी रोज मासळीबद्दल विचारत तसे, त्यांनी आईला विचारले, "बरफ घातला काय?" आई म्हणाली, "घातला." चेतनाताईंनी सांगितले की इतक्या महिन्यांत वडिलांचा आवाज त्यांनी प्रथमच ऐकला. पुढे आधार कार्डाच्या बोटांच्या ठशांवरूनही त्यांची ओळख पटली. त्याची प्रत मी हजर केली आहे.

वडील वेरावळपर्यंत कसे गेले हे आम्हाला माहीत नाही, त्यांनाही सांगता येत नाही. याबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार किंवा संशय नाही. डॉक्टर म्हणतात, आजार बरा होणार नाही, पण घरच्या माणसांत ते बोलते राहतील. आता ते सकाळी आईबरोबर बाजारात जाऊन बसतात. गिऱ्हाईकाला भाव चुकीचा सांगतात. आई तो चालवून घेते.

सबब त्यांच्या बेपत्ता होण्याबाबतची खबर बंद करावी, ही विनंती.

जबाब मराठीत संगणकावर टंकला असून हवालदार श्यामकांत यांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचन "ते बेपत्ता झाल्याची खबर" येथपर्यंत आले असता, माझ्या शेजारी बसलेले माझे वडील म्हणाले, "कोन हरवला? मी तं इथंच हाय." हे वाक्यही नोंदवावे असे मी सांगितल्यावरून नोंदवले आहे. त्यासह सर्व मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही,
हेमांगी हरेश्वर लडगे